बावीस वाव वायर

"किती मीटर देऊ ताई?" बाजारातल्या इलेक्ट्रिकच्या दुकानदाराने विचारलं आणि मी म्हणाले, "बावीस वाव."

मागे उभं असलेलं एक गिऱ्हाईक फिसकन हसलं. हसू दे. आमच्या पडवीतल्या पॉवर पॉइंटपासून पाखाडीच्या शेवटच्या पायरीपर्यंतचं अंतर बावीस वाव आहे एवढं मला पक्कं ठाऊक होतं, आणि ते ज्यांनी मोजलं त्यांच्या मापावर शंका घ्यायची आमच्या घरात कोणाची टाप नव्हती.

दोन्ही हात आडवे पसरले की एका हाताच्या बोटांपासून दुसऱ्या हाताच्या बोटांपर्यंत जे अंतर होतं ती एक वाव. दर्यावरची माणसं पाण्याची खोली याच मापाने सांगतात आणि दोरीही याच मापाने घेतात. मला लहानपणी माहीत होता तो वाव निराळा. "सुधारणेस वाव आहे" असं बाई माझ्या प्रगतिपुस्तकावर दर वर्षी नेमाने लिहायच्या. लग्न होऊन खाडीकाठच्या या घरात आले तेव्हा कळलं की वाव मोजतासुद्धा येते.

मोजणारे माझे सासरे. मी त्यांना अब्बा म्हणते. ते मासेमारीच्या बोटीवर तांडेल होते, म्हणजे बोट कुठे न्यायची, जाळं कधी टाकायचं आणि कोणाला शिव्या घालायच्या हे सगळं ठरवणारा माणूस. बोट विकून बरीच वर्षं झाली, पण ठरवण्याची सवय काही विकली गेली नाही. भाजीत मीठ किती घालायचं तेसुद्धा पडवीत बसून ठरवतात. माझाही स्वभाव काही थंड नाही, त्यामुळे आमचं दोघांचं छान जमतं. शेजाऱ्यांना ते भांडण वाटतं.

आमचं घर उंचावर आहे आणि रस्ता खाली. अंगणातून रस्त्यापर्यंत जांभ्या दगडाच्या पायऱ्या उतरत जातात, तीच आमची पाखाडी. रस्ता ओलांडला की जेटी, जेटीपुढे खाडी आणि पलीकडे भाट्याचं सुरूचं बन. अब्बा रोज दुपार कलल्यावरची, असरची नमाज झाली की पाखाडी उतरायचे आणि जेटीच्या कठड्यावर जाऊन बसायचे. तिथे त्यांचा जुना खलाशी यायचा. दोघं मिळून आलेल्या प्रत्येक बोटीला नावं ठेवायचे. कोणी बोट वाकडी लावली, कोणाची जाळी नीट वाळत नाहीत, कोणाच्या पोराला सुकाणू धरता येत नाही, असा तासभर कार्यक्रम चालायचा. घरी परत येताना त्यांचा चेहरा बाजार करून आल्यासारखा भरलेला असायचा.

मागच्या पावसाळ्यात ते पाखाडीवरून घसरले. डॉक्टरांकडे जायला तयार झाले नाहीत. गुडघा खरचटलाय, हळद लाव, एवढंच म्हणाले. गुडघा बरा झाला, पण त्यानंतर ते पाखाडी उतरले नाहीत. मी म्हटलं, माझा हात धरा, मी उतरवते. त्यावर त्यांनी डोळे वटारले. "तांडेलाला सून हाताला धरून उतरवतंय, हे जेटीवर दाखवायचंय काय तुला?"

खलाशाची तऱ्हा अशी की त्याचा एक पाय अधू आहे, त्याला चढण चढवत नाही. म्हणजे एकाला उतरता येईना आणि दुसऱ्याला चढता येईना. मग रोज संध्याकाळी तो पाखाडीच्या तळाशी येऊन उभा राहायचा आणि वर बघून ओरडायचा, "तांडेल, उतरताव काय?"

अब्बा पडवीतून ओरडायचे, "उद्या!"

तो थोडा वेळ थांबून लंगडत जेटीकडे जायचा. मी आत चहा ठेवत असायचे आणि तो "उद्या" ऐकून माझा जीव तुटायचा. पावसाळा गेला, हिवाळा गेला, आंबे लागले, तरी उद्या काही उजाडेना. पुन्हा पाऊस लागला की पाखाडीवर शेवाळ धरणार आणि चार महिने विषयच संपणार. म्हणून मी ठरवलं की पावसाआधी पाखाडीला कठडा करायचा, वरपासून खालपर्यंत धरायला लोखंडी पाइप.

आता हे मी ठरवलं म्हणजे मीच करणार होते. आयटीआयला वेल्डरच्या वर्गात मी एकटीच मुलगी होते. लग्नानंतर ते सगळं बासनात गेलं. पण माझा नवरा आखातात जहाजदुरुस्तीच्या गोदीत काम करतो आणि मागच्या सुट्टीत येताना त्याने माझ्यासाठी छोटं वेल्डिंग मशीन आणलं. इतरांचे नवरे अत्तर आणतात. मला मात्र त्या मशीनइतकं दुसरं काही आवडलं नसतं. ते त्याला माहीत होतं आणि म्हणूनच मी त्याला इतकी वर्षं सांभाळून घेतलंय. अंगणातलं फाटक, कोंबड्यांचं खुराडं, शेजारणीच्या शिडीची तुटलेली पायरी, सगळं मी जोडलं होतं. ती कामं मात्र पडवीलगतची होती. पाखाडीवर मशीन न्यायचं तर वायर लागणार होती.

वायर घरात होती. आखातातून आलेली, जाड, काळी, दिसायला एकदम भारदस्त. पण तिच्या टोकाला तिकडचा चौकोनी पिनांचा प्लग. आमच्या बाजूच्या प्रत्येक घरात असं एक कपाट असतंच. त्यात तिकडून आणलेल्या इस्त्र्या, मिक्सर, किटल्या चौकोनी दात विचकून बसलेल्या असतात आणि आपल्या गोल भोकांत काही जात नाहीत. मग ॲडॉप्टर शोधायचा. मी ॲडॉप्टर लावून मशीन चालू केलं. वेल्डिंगचे दोन टाके मारेपर्यंत ॲडॉप्टरला करपट वास यायला लागला आणि पडवीत बसलेले अब्बा म्हणाले, "काय जळतंय गो? तू की मशीन?"

आणि ती वायर पाखाडीच्या निम्म्यापर्यंतसुद्धा पोचत नव्हती. नवीनच घ्यायची ठरलं. मी आत मच्छी साफ करत होते तेव्हा अब्बांनी नायलॉनची दोरी घेतली आणि पॉवर पॉइंटपासून पाखाडीच्या तोंडापर्यंत ताणली. पुढचं अंतर शेजारच्या मुलीला दोरीचं टोक देऊन खाली पाठवून काढलं. मग खुर्चीवर बसून त्यांनी ती दोरी वावेने मोजली. मला आतून त्यांचा मोजण्याचा आवाज ऐकू येत होता, जुन्या सुरात, प्रत्येक आकडा लांबवत. कित्येक महिन्यांनी तो सूर ऐकून मला इतकं बरं वाटलं की हातातली मच्छी तशीच ठेवून मी जरा वेळ ऐकत राहिले. "बावीस वाव," त्यांनी जाहीर केलं.

तर दुकानात मी बावीस वाव म्हणाले. दुकानदाराचं अर्धं गिऱ्हाईक बोटवाल्यांचं, त्यामुळे त्याला समजावून सांगावं लागलं नाही. "वाव म्हणजे सहा फूट," तो म्हणाला. "चाळीस मीटर धरा."

आधी त्याने मला पुढे टांगलेली तयार एक्स्टेन्शन बोर्डं दाखवली. नारिंगी, देखणी, चकतीवर गुंडाळलेली. मी वायर बोटांत धरून बघितली आणि परत ठेवली. ती दिवाळीच्या माळा लावायला ठीक, तिच्यावर वेल्डिंग मशीन लावलं तर मशीनच्या आधी तीच वितळायची. मला हवी होती अस्सल तांब्याची, तीन तारांची, अर्थिंगसकट आणि जाड. चाळीस मीटरला चार एमएम घेतलेली बरी, हे मलाही कळत होतं आणि त्यालाही. पण चार एमएमचं रीळ त्याच्याकडे संपलं होतं आणि माझ्याकडे धीर नव्हता. वरून आभाळ रोज भरून यायला लागलं होतं. "अडीच एमएम चालेल," तो म्हणाला, "फक्त सगळी उलगडून वापरा. गुंडाळी ठेवून वापराल तर तापेल."

"ते मला ठाऊक आहे," मी म्हणाले, कारण ठाऊक होतंच. आयटीआयच्या सरांनी हे आमच्या डोक्यात इतक्या वेळा घातलं होतं की झोपेतही सांगितलं असतं. वायरमधून करंट गेला की ती थोडी गरम होते, ऊब हवेत निघून जाते. गुंडाळी असली की एका वेढ्याची ऊब दुसऱ्याला लागते आणि मधल्या मध्ये कोंडते.

पण हे अब्बांना ठाऊक नव्हतं, आणि खरी गंमत तिथे सुरू झाली.

उतरताना डाव्या हाताला येईल अशा बेताने गवंड्याकडून पाखाडीच्या कडेला खांब रोवून घेतले होते. त्यांच्यावर पाइप ठेवून मला जोडत जायचं होतं. सकाळी लवकर नवऱ्याचा जुना जाड शर्ट घातला, ओढणी आत खोचली, डोळ्यांवर काच घेतली आणि वायर सगळी उलगडून सोडली. ती खालच्या पायरीपर्यंत गेली आणि तरीही बरीच उरली. उरलेली मी अंगणात नागमोडी पसरून ठेवली आणि मशीनपाशी गेले. पहिला टाका मारायला रॉड टेकवला आणि तो चिकटला. काढला, पुन्हा टेकवला, पुन्हा चिकटला. करंट कमी पडतोय हे उघड होतं. चिडून वर आले तर अंगणात वायरचं सुबक वेटोळं करून ठेवलेलं, कडा एकसारख्या, वर टोक खोचलेलं. शेजारी अब्बा.

"अब्बा, ही वायर कोणी गुंडाळली?"

"मी. दोरी अशी पसरून ठेवतात काय?"

"दोरी नाही ती, वायर आहे."

"दोरीच ती. आत तांबं घातलं म्हणून काय राणी झाली?"

मी वेटोळ्यावर हात ठेवला तर चांगलं कोमट लागलं. त्यांचा हात धरून त्यावर ठेवला. "ऊन हाय सकाळचं," ते म्हणाले. मी वायर पुन्हा पसरली, खाली गेले, दोन रॉड जाळून वर आले तर पुन्हा वेटोळं. असं त्या सकाळी किती वेळा झालं कोण जाणे. मी उलगडायची आणि त्यांनी गुंडाळायची. शेवटी मी काच कपाळावर ढकलली आणि आवाज चढवला. मोठ्या माणसांशी असं बोलू नये, मला कळतं, पण मला राग आला की तो आधी तोंडातून जातो.

ते शांतपणे म्हणाले, "तू वर-खाली करतंस. नजर तुजी त्या उजेडात. पाय अडकला तर?"

मग त्यांनी मला एक जुनी गोष्ट सांगितली. बोटीवर जाळं सोडताना दोरी पसरलेली होती, कोणीतरी गुंडाळायची राहिली होती, आणि त्यात खलाशाचा पाय अडकला. जाळ्याच्या ओढीने तो पाण्यात गेला. वर काढला, जगला, पण पायाचं जे व्हायचं ते झालं. हाच तो खलाशी, रोज खालून हाक मारणारा. "तवापास्नं," अब्बा म्हणाले, "माज्यासमोर दोरी पसरलेली नाय चालत."

इतकी वर्षं मला वाटायचं की कपडे वाळत घालायच्या दोरीचंही वेटोळं करतात ती शिस्त आहे. ती भीती होती, आणि त्या सकाळी ती माझ्यासाठी होती. माझा राग कुठल्या कुठे गेला. वेडा म्हातारा, मनात म्हटलं, आणि फार माया आली.

तरी वायर गुंडाळून चालणार नव्हतं आणि पसरूनही चालणार नव्हतं. मी म्हटलं, "मुळात इतकी उरलीच कशी? अब्बा, तुमचं माप चुकलं."

हे बोलायला नको होतं. अब्बा खुर्चीत ताठ झाले. काळोखात, धुक्यात, नुसत्या दोरीला शिसं बांधून खाली किती पाणी आहे ते सांगणारा माणूस. "माजं माप? आण ती दोरी."

मी नायलॉनची दोरी आणून दिली. ते उभे राहिले. दोरीचं टोक डाव्या हातात धरलं, उजव्या हाताने दोरी खेचत हात पसरला, पूर्ण, बोटांपर्यंत, सुंदर. आणि डावा हात पसरलाच नाही. कोपर अंगापासून थोडं सुटलं आणि तिथेच थांबलं. त्यांनी जोर केला. चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या. हात छातीपुढेच राहिला.

"एक," ते म्हणाले. त्याच सुरात.

मग एकेक गोष्ट मला दिसायला लागली. टॉवेल दांडीवर टाकायचे ते हल्ली खुर्चीवर टाकतात. फळीवरचा डबा मला काढायला सांगतात आणि वर मलाच म्हणतात, जवळ ठेवायला काय होतं. पाखाडीवर पडले तेव्हा गुडघा नुसता खरचटला होता. पडले होते ते खांद्यावर, आणि खांद्याचं कोणालाच सांगितलं नव्हतं. पाय घसरला तर डाव्या हाताने सावरता येणार नाही हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. म्हणून रोजचं ते "उद्या".

"दोन," अब्बा म्हणाले, आणि मग त्यांनी स्वतःच हाताकडे बघितलं. दोरी तशीच हातात राहिली. "ल्हान झाली गो," ते म्हणाले. "माजी वाव ल्हान झाली."

त्यांना जवळ घ्यावंसं वाटलं, पण आमच्यात तशी रीत नाही. म्हणून मी माझ्या स्वभावाप्रमाणे भांडले. "मग खांब रोवताना का नाही बोललात? कठडा डाव्या हाताला घेतलाय मी! चढताना येईल तो तुमच्या उजव्या हातात. म्हणजे खालून वर छान याल. पण वर यायला आधी खाली जाल कसे?"

ते माझ्याकडे बघत राहिले आणि मग हसायला लागले. मीही हसले. दोघं अंगणात उभं राहून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. त्यातलं काही पाणी हसण्याचं नव्हतं, दोघांचंही.

त्या दिवशी मी काम थांबवलं. आधी त्यांना डॉक्टरांकडे नेलं, तेही भांडूनच. खांदा आखडलाय, व्यायाम करा, थोडा सुटेल, पण पूर्वीसारखा होणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. गवंड्याला पुन्हा बोलावून पाखाडीच्या दुसऱ्या कडेलाही खांब रोवून घेतले. आता दोन कठडे होणार होते, एक उतरायचा आणि एक चढायचा.

राहिली वायर. जादा वायर कापून टाकायची ठरली. मी मेजर टेप घेऊन आले आणि तशीच परत ठेवली. "अब्बा, तुम्हीच मोजा," म्हटलं.

"आता कसली मोजतंस माज्याकडून."

"तुमचीच बावीस वाव मोजा. आहे त्या हातांनी."

खुर्चीत बसून त्यांनी वायर मोजली. डावा हात छातीशी, उजवा पसरलेला. मी पक्कड घेऊन शेजारी बसले. बावीसला त्यांनी अंगठा दाबून धरला आणि मी तिथे कापलं. नवीन टोकाला बोर्ड बसवला, वायर पाखाडीवरून खाली सोडली, आणि ती शेवटच्या पायरीवर जाऊन बरोब्बर थांबली. गुंडाळायला एक वेढाही उरला नाही आणि पायात यायलाही काही उरलं नाही. मी कडेच्या खांबांना ती सुतळीने बांधून टाकली. माप त्यांचं बरोबरच होतं. आम्हीच जुना माणूस धरून हिशेब केला होता.

नवऱ्याला फोनवर सगळं सांगितलं. तो म्हणाला, "वायर किती एमएमची घेतलीस?" आमच्या घरातल्या पुरुषांना रडू आलं की ते असलं काहीतरी विचारतात. मी सांगितलं, अडीच, आणि लांबी कमी झाल्यावर तेवढी पुरली. रॉड टेकवला की लगेच पेटत होता. टाके स्वच्छ पडत होते. उरलेल्या तुकड्याला वेगळा प्लग लावला आणि शेजारणीला देऊन टाकला, तिच्या शिडीने मला फार काम दिलंय.

आभाळ अगदी खाली आलं होतं तेव्हा शेवटचा टाका मारला. पाइपांना रंग दिला, तो ओला होता म्हणून दोन दिवस थांबायला सांगितलं. अब्बा एकच दिवस थांबले. दुसऱ्या दिवशी असर झाली, त्यांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला, टोपी नीट केली आणि पाखाडीच्या तोंडाशी येऊन उभे राहिले.

"तू मागं मागं येऊ नको," मला म्हणाले.

खालून हाक आली. "तांडेल, उतरताव काय?"

अब्बांनी बिस्मिल्ला म्हटलं, उजव्या हाताने पाइप धरला आणि पाय खाली टाकला. एक पायरी, मग थांबले. मग दुसरी. खलाशी खाली तोंड वर करून बघत होता. मी अंगणात उभी होते, ओढणीला रंगाचे डाग, आणि प्रत्येक टाका मला आठवत होता, कुठला जाड पडला, कुठल्यात बारीकसं भोक राहिलं, आणि मी मनात सगळ्यांची विनवणी करत होते की धरून ठेवा रे बाबांनो. त्यांनी धरलं.

अब्बा रस्त्यावर पोचले. खलाशाने त्यांच्या खांद्यावर हात टाकला, डाव्याच, आणि अब्बा कळवळून त्याला शिवी हासडताना वरपर्यंत ऐकू आलं. मला हसू आणि रडू एकदमच आलं. मग ते मागे वळले आणि वर बघून ओरडले, "वायर उचललीस काय गो? पाय अडकल कोनाचा!"

मी उचलली नव्हती. सुतळ्या सोडल्या, वायर वर ओढून घेतली आणि दोन्ही हात पसरून एकेक वाव गुंडाळायला लागले, त्यांच्यासारखी, कडा एकसारख्या ठेवून. ते जेटीवर न जाता खाली उभं राहून बघत होते. वेटोळं पूर्ण झालं, टोक वर खोचलं, तेव्हा त्यांनी उजवा हात वर केला आणि दोघं म्हातारे बोटींना नावं ठेवायला निघून गेले.